पांढऱ्या झग्यांचं भाडं

पत्र आलं तेव्हा अब्ला इन्शिराह एका पँटची चेन बदलत होत्या. पोस्टमननं सही घेतली, पाकीट दिलं आणि दारातच उभा राहून पाणी प्याला. चुकून आलं असेल, असं अब्ला त्याला म्हणाल्या. करखात्याचं पत्र कधी चुकत नाही, चुकीच्या पत्त्यावर जातात ते फक्त पैसे, असं म्हणून तो हसला आणि सायकलवर बसून गेला.

मी धागे कापत बसले होते. अब्लांनी पाकीट माझ्याकडे दिलं.

"तू शिकलेली आहेस. वाच."

मी अलेक्झांड्रियाला साहित्य शिकले. चार वर्षं जुन्या कविता पाठ केल्या. परत आले तेव्हा आमच्या कफ्र नुमान गावात कोणालाही कवितांची गरज नव्हती. दुपारी मी शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते. सकाळी अब्लांच्या खोलीत बसते, कारण आमच्या घरात बसायला जागा नाही आणि त्यांच्याकडे चहा असतो.

त्या पत्राइतकं कोरडं गद्य मी कधी वाचलं नव्हतं. त्यात एकही विशेषण नव्हतं. लग्नाचे झगे भाड्याने देण्याचा धंदा. पाच वर्षं. न दाखवलेलं उत्पन्न. त्यावरचा कर, त्यावरचा दंड. शेवटी आकडा होता, एक लाख शहाऐंशी हजार पौंड. महिन्याच्या आत हरकत घेतली नाही तर रक्कम पक्की होईल, आणि ती भरली नाही तर खोली आणि माल जप्त होईल.

मी आकडा दोनदा वाचला. अब्लांनी एकदाच ऐकला. मग त्यांनी पँट सुलटी केली, चेन वर-खाली करून पाहिली आणि म्हणाल्या, "चहा टाक."

मी चहा टाकला. साखर ओट्यावर सांडली.

अब्ला इन्शिराह कापडगिरणीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्याच्या एका खोलीत शिवणकाम करतात. वय पंचावन्न. गल्लीत कोणाचीही सख्खी थोरली बहीण नसताना त्या सगळ्यांच्या अब्ला आहेत. आधी त्या गिरणीतच होत्या, तयार कपड्यांच्या विभागात. नवरा, बद्री, तिथली यंत्रं दुरुस्त करायचा. कापसाच्या धुळीनं त्याची छाती खाल्ली. मूल नव्हतं. पुढे गिरणीनं माणसं कमी केली तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यांनी ही खोली घेतली, दोन मशिनं घेतली, आणि शिंपीकाम म्हणून करखात्यात नाव नोंदवलं. चेन बदलणं, पँटी आखूड करणं, शाळेचे गणवेश. त्याचा कर त्या दरवर्षी न चुकता भरत. थोडाच असे. पण रांगेत उभ्या राहून भरत, आणि परत आल्यावर पायांना तेल लावत.

झगे नंतर आले.

आमच्या भागात घर नवऱ्याचं. भांडीकुंडी आणि लग्नाचा पांढरा झगा नवरीच्या बापाचा. झगा आणता आला नाही म्हणून लग्न मोडत नाही. पण सून म्हातारी होईपर्यंत तिला त्याची आठवण करून दिली जाते. गिरणीतल्या एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मैत्रिणीकडे काहीच नव्हतं. त्याच सुमाराला कुवेतहून परतलेल्या एका बाईनं आपल्या मुलीचा वापरलेला झगा अब्लांच्या गळ्यात मारला होता, कपाटात जागा नाही म्हणून. अब्लांनी त्याचा गळा बदलला. बाह्या काढून दुसऱ्या लावल्या. मोती उसवून वेगळ्या नक्षीत टाचले. लग्नात कोणालाही कळलं नाही. कुवेतवाली बाई स्वतः हजर होती. तिनं झग्याचं कौतुक केलं आणि कुठून आणला ते विचारलं.

मग असे झगे येत गेले. शेवटी चौदा झाले. अब्लांची सगळी करामत बाह्यांत होती. प्रत्येक झग्याच्या खांद्याला आतून बारीक हूक, आणि बाह्यांच्या वेगळ्या जोड्या. जाळीच्या, साटीनच्या, मनगटाशी घंटेसारख्या उघडणाऱ्या. बाह्या बदलल्या, कमरेचा पट्टा बदलला, की झगा दुसरा. आमच्या गल्लीत चार मुलींची लग्नं एकाच झग्यात झाली आहेत. फोटोंत चार झगे दिसतात.

पैसे त्या घेत नसत. पण झगा फुकटचा आहे हे सासरी कळलं, तर तो मुलीच्या अंगावरून आयुष्यभर उतरत नाही. म्हणून अब्लांनी नाटक बसवलं होतं. प्रत्येक झग्याला किमतीची चिठ्ठी टाचलेली. झगा बघायला नवरीची आई आणि सासू बरोबर यायच्या, बहुतेक गुरुवारी. त्याआधी नवरीची आई एकटी येऊन अब्लांकडून एक चिकटवलेलं पाकीट घेऊन जायची. आत घडी केलेलं वर्तमानपत्र. मग गुरुवारी सासूच्या देखत घासाघीस. अब्ला ताठ बसायच्या. एका रात्रीचे अडीच हजार, डाग पडला तर वेगळे. नवरीची आई म्हणायची, जरा दया करा. अब्ला म्हणायच्या, दया मशिदीच्या दारात मिळते, माझ्याकडे साटीन मिळतं. शेवटी पाकीट पुढे यायचं आणि त्या ते न उघडता गल्ल्यात टाकायच्या. एकदा एका सासूनं मोजण्यासाठी हात पुढे केला. अब्लांनी तिला बसल्या जागी गप्प केलं. म्हणाल्या, दुकान माझं आहे, मोजणारही मीच, तुम्ही घरी जाऊन नवऱ्या मुलाचे दात मोजा. सासू खूश होऊन गेली. इतक्या कजाग बाईला रोख पैसे देणारं घर म्हणजे चांगलंच घर असणार.

गल्लीला सगळं ठाऊक होतं. गल्ली कधी बोलली नाही. बाहेरच्या कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असे. महाग आहे बाई, पण माल चोख.

पत्र येण्याआधी करखात्याचे दोघं पाहणीला आले तो गुरुवारच होता. लग्नाचे दिवस. खोलीत दोन सासवा बसलेल्या. झगे भाड्याने देता का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. अब्लांनी सासवांकडे पाहिलं. देते, म्हणाल्या. कितीला? चिठ्ठीवर लिहिलंय. अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. दांडीवर टांगलेल्या पिशव्या मोजल्या. ज्यांत नुसत्या बाह्या होत्या त्याही मोजल्या. एकतीस झाल्या. मग समोरच्या किराणावाल्या हाज फतहल्लाकडे चौकशी केली. हाजनं आयुष्यात इतकं मन लावून खोटं सांगितलं नसेल. रांग लागते, म्हणाला. परगावाहून गाड्या येतात. आपण मुलीवर उपकार करतो आहोत असं त्याला वाटत होतं, कोणत्या मुलीवर ते त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी अब्लांनी पाहणीच्या कागदावर सही केली. सासवा अजून बसल्याच होत्या.

हे सगळं त्यांनी मला चहा पिताना सांगितलं. मी त्या दिवशी तिथं नव्हते.

मी म्हटलं, "त्यांना जरा बाजूला घेऊन सांगायचं होतंत."

"ही खोली बघ," त्या म्हणाल्या. "हिला बाजू आहे का?"

वरच्या मजल्यावर लमई राहतात, शिकलेला माणूस म्हणून सगळे त्यांना उस्ताझ म्हणतात. गिरणीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले. गल्लीतल्या लोकांचे सरकारी कागद तेच करून देतात आणि मोबदल्यात शेजाऱ्यांच्या बायकांचे टोमणे मुकाट ऐकतात. करखात्याला उत्तर मी लिहायचं आणि त्यांनी तपासायचं, असं ठरलं.

मी चार पानं लिहिली. बद्रीची छाती लिहिली. गिरणीची धूळ लिहिली. एका बाईनं उसवलेल्या मोत्यांत किती मुलींची लाज जपली, ते लिहिलं. लिहिताना मला वाटलं, हे वाचून कोणाचंही मन द्रवेल.

पानं घेऊन मी आणि अब्ला वर गेलो. उस्ताझ लमईंनी चष्मा पुसला. चारही पानं शेवटपर्यंत वाचली.

"छान आहे. दुसऱ्या पानावर मला भरून आलं. वर्तमानपत्राला पाठव, छापतील."

"आणि करखात्याला?"

"करखात्याला भरून येत नाही, पोरी. त्यांना पत्राचा नंबर लागतो."

मग त्यांनी समजावलं. उत्तर मुदतीत जायला हवं. एका पानाचं हवं. वर त्यांच्या पत्राचा नंबर आणि तारीख. काय मान्य, काय अमान्य, आणि कशाच्या आधारावर. राग लिहायचा नाही, कारण वाचणाऱ्यानं तो रोज पाहिलेला असतो. रडणंही लिहायचं नाही, तेही त्यानं पाहिलेलं असतं. अल्लाहचं नाव सुरुवातीला एकदा, पुन्हा नाही. हे सांगताना त्यांचा आवाज इतका थंड होता की मला धीर आला. सही केली म्हणून सगळं संपत नाही, ते म्हणाले. हरकत घेतली की समितीसमोर जाता येतं. तिथं झगे नेलेल्या मुलींपैकी तिघींनी येऊन एवढंच सांगायचं, आम्ही पैसे दिले नाहीत. तिघी पुरे आहेत.

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले.

अब्लांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "कोणी येणार नाही."

मी विचारून बघते, असं मी म्हटलं.

"तू विचारायचं नाहीस. मग मी झाकलं होतं कशाला?"

उस्ताझ लमई म्हणाले, "सित्त इन्शिराह, सगळं जाईल. खोली, मशिनं, झगे. उद्या ज्या मुली येतील त्यांना काय देणार?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले. तिघी सोडून दुसरं काहीतरी शोधा. हिशेबनीस आहात ना?"

त्यांनी शोधलं. हरकतीत दोन मुद्दे टाकले. पहिला, झगे एकतीस नाहीत, चौदा आहेत, बाकीच्या पिशव्यांत बाह्या आहेत. दुसरा, हे झगे गरजू नवऱ्या मुलींना मोबदला न घेता दिले जातात, चिठ्ठीवरची किंमत दाखवण्यापुरती आहे. नावं नाहीत. अब्लांनी दुसरा मुद्दा मला तीनदा वाचायला लावला. त्यात कोणाचं नाव कुठून डोकावत नाही याची खात्री केली. मग हो म्हणाल्या. नाव नसेल तर ते नुसतं वाक्य आहे, असं उस्ताझ लमईंनी मला जिन्यात सांगितलं. पण समितीत एखादा बरा माणूस असतो.

माझा पाचवा मसुदा एका पानात बसला. त्यात एकही विशेषण नव्हतं. कचेरीतल्या कारकुनानं शिक्का मारला आणि अक्षर सुंदर आहे म्हणाला.

त्यानंतर वाट पाहायची होती. मी अब्लांना एवढी वर्षं ओळखते. त्यांच्या बोटाला सुई टोचलेली मी कधी पाहिली नव्हती. आता रोज टोचायची. गणवेशाच्या सदऱ्याला त्यांनी एकदा दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवून पुन्हा लावताना त्यांनी मला विचारलं, "तेवढ्या पैशांच्या किती पँटी होतात?" मी हिशेब केला नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. जेवण थांबलं. मी घरून भाकरी आणि शिजवलेले वाल नेत असे, त्या म्हणत, ठेव, आणि संध्याकाळी ते मांजर खाई.

त्या दिवसांतही त्यांनी एक झगा दिला. सासूसमोर तीच घासाघीस केली. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला त्यांचा राग येत होता. सासू गेल्यावर मी म्हटलं, अब्ला, निदान आता तरी. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. मुलीचं लग्न पुढच्या शुक्रवारी आहे, म्हणाल्या. करखात्यासाठी तिला थांबायला सांगू?

मग रावया आली.

तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न अब्लांच्या झग्यात झालं होतं. नवरा शौकी लिबियात बांधकामावर. ती सासूच्या घरात, कडेवर मूल. गल्लीतल्या गोष्टी तिच्या कानावर आल्या होत्या. ती खुर्चीवर बसली नाही. मी सांगायला तयार आहे, म्हणाली. दिवस कळवा, मी येईन.

अब्लांनी मुलाच्या हातात रिकामं रीळ दिलं. सासू कशी आहे, ते विचारलं.

"आहे तशी आहे. फ्रिज लहान आणला म्हणते. पडदे स्वस्तातले म्हणते. आई शेतातून उठून आली असं म्हणते. पण झग्यावर काही बोलत नाही. शेजारणींना सांगते, झगा मात्र भारी होता, अडीच हजार मोजले माझ्यासमोर." रावया थांबली. "त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच वस्तू आहे, अब्ला."

"मग ती तशीच राहू दे. घरी जा."

"पण तुमचं सगळं..."

"घरी जा, रावया. मूल उन्हात फिरवू नकोस."

ती गेली. मला तिच्यामागे धावत जावंसं वाटलं. पण कोणाला विचारणार नाही, असा मी अब्लांना शब्द दिला होता.

समितीचा दिवस आला. जिल्ह्याच्या गावी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली होती. टेबलामागे तिघं. मधले अध्यक्ष म्हातारे, दमेकरी, वागायला सभ्य. त्यांनी अब्लांना बसायला सांगितलं आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. उस्ताझ लमईंनी टाय लावला होता. त्यांनी पहिला मुद्दा मांडला. अब्लांनी बरोबर आणलेल्या पिशवीतून झगा काढला, टेबलावर पसरला, आणि बाह्यांची एक जोडी हुकांना लावली. मग ती काढून दुसरी लावली. मग तिसरी. डावीकडचे गृहस्थ पुढे झुकले. माझ्या बायकोलाही असंच काहीतरी शिवून द्या, म्हणाले. अध्यक्ष हसले. चौदा, त्यांनी लिहून घेतलं.

मला वाटलं, आपण जिंकतो आहोत. उस्ताझ लमईंनी टेबलाखाली माझ्या पावलावर पाऊल दाबलं. त्यांनाही तसंच वाटत होतं.

अध्यक्षांनी दुसरा मुद्दा वाचला. मोबदला न घेता. पाहणीच्या कागदावर तुमच्या सहीनिशी उलट आहे, ते म्हणाले. चिठ्ठ्या आहेत. शेजाऱ्याचा जबाब आहे. तरी मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. एक नाव द्या. एकच. आम्ही तिला एकटीला आत घेऊ, बाहेर कोणाला काही कळणार नाही.

अब्लांची बोटं हुकावर होती.

शिपाई आत आला. बाहेर दोन बायका आहेत, साक्ष द्यायची म्हणतात, असं त्यानं सांगितलं.

पुढे होती उम्म शौकी, म्हणजे शौकीची आई, रावयाची सासू. ठेवणीतला काळा बुरखा, जिना चढून धापा टाकत. मागे रावया, कडेवर मूल. तिचा चेहरा चुन्यासारखा होता. गल्लीतून दिवस कळल्यावर ती एकटीच निघाली होती, हे मला नंतर कळलं. करखातं अब्लांना खोटं ठरवतंय, त्यांच्यासाठी चांगला शब्द टाकून येते, एवढंच तिनं घरी सांगितलं. साहेबांपुढे तुला बोलता येणार नाही, मीच येते, असं म्हणून सासूनं चपला घातल्या.

उम्म शौकीनं कोणाची परवानगी न घेता खुर्ची ओढली.

"साहेब, ही बाई कजाग आहे. पण लबाड नाही. अडीच हजार म्हणाली, अडीच हजारच घेतले. माझ्या विहिणीनं दिले, हिनं घेतले, माझ्या डोळ्यांदेखत. वर एक छदाम मागितला नाही. हे लिहून घ्या."

अध्यक्षांनी आमचा अर्ज उचलला. "पण बाई, त्या तर म्हणतात की त्या काहीच घेत नाहीत."

उम्म शौकी हळूहळू सुनेकडे वळली.

"काहीच घेत नाही म्हणजे? मग तुझ्या आईनं माझ्यासमोर दिलं ते काय होतं?"

रावयानं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. तिनं तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती. मी तिच्यासमोरच होते, मी ते पाहिलं.

"अर्जात चूक आहे," अब्ला म्हणाल्या.

आवाज गुरुवारचा होता. घासाघिशीचा.

"अर्ज या मुलीनं लिहिला. साहित्य शिकली आहे, जास्तीचं लिहिते. मी भाडं घेते. हिच्या आईनंही दिलं होतं. सगळे देतात."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"आणि हे खरं नाही?"

अब्ला माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या झग्याच्या खांद्यावरून बाही सोडवत होत्या, एकेक हूक. उस्ताझ लमईंनी डोळे मिटले होते. त्या पानावरचा प्रत्येक शब्द खरा होता. मी तो पाच वेळा लिहून इतका खरा केला होता.

"नाही," मी म्हटलं. "माझी चूक झाली."

उम्म शौकीनं सुस्कारा सोडला. मग अब्लांचा दंड थोपटून म्हणाली, बरं झालं मी आले ते, नाहीतर या शिकलेल्या पोरींनी तुला तुरुंगात घातलं असतं.

रावया भिंतीकडे तोंड करून उभी होती. मूल रडायला लागलं म्हणून तिला बाहेर जाता आलं.

निकाल महिन्याभरानं आला. चौदा झगे धरून रक्कम निम्म्याहून कमी झाली. तरी अब्लांनी जन्मात पाहिली नव्हती इतकी होती. त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं आणि स्वतः मजकूर सांगितला. रक्कम मला मान्य आहे. एकरकमी भरणं शक्य नाही. हप्ते बांधून द्यावेत. त्या न अडखळता बोलल्या. उस्ताझ लमईंना तपासायला काही उरलं नाही.

लिहून झाल्यावर मी विचारलं, का केलंत.

"तिला त्या घरात राहायचंय," त्या म्हणाल्या. "रोज. मला त्या कचेरीत एकदाच जायचं होतं."

पहिल्या हप्त्यासाठी त्यांनी एक मशीन विकलं. मग झगे. स्टेशन रस्त्यावरच्या दुकानदारानं चौदाही एकदम घेतले, प्रत्येकी बाह्यांच्या एका जोडीसकट. बाकीच्या जोड्या त्याला नको होत्या. तो हातगाडी घेऊन आला तेव्हा गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. हाज फतहल्लानं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. त्याच्या जबाबानं काय झालं ते त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून तो अब्लांकडून साखरेचे पैसे घेत नाही, आणि अब्ला ते त्याच्या वजनकाट्यावर ठेवून येतात.

अजूनही आया येतात. एक तर काल-परवा आली. मुलीचं लग्न ईदनंतर आहे. अब्लांनी तिला रिकामी दांडी दाखवली. ती बाई दांडीखाली उभी राहिली आणि झगे धुवायला दिलेत का, असं तिनं विचारलं. अब्ला नाही म्हणाल्या. मी तेव्हा शिकवणीची वेळ झाली असं सांगून बाहेर पडले. शिकवणी नव्हती.

गेल्या आठवड्यात मी स्टेशन रस्त्यानं जात होते. त्या दुकानाच्या काचेसमोर उम्म शौकी उभी होती, दोन शेजारणींना घेऊन. रावया मुलाचा हात धरून मागे. काचेत तिचा झगा होता. तिच्या लग्नातल्याच घंटेच्या बाह्या. चिठ्ठीवर तीन हजार, विकत.

"बघा," उम्म शौकी शेजारणींना म्हणत होती. "हाच तो. एका रात्रीचे अडीच हजार उकळले त्या बाईनं माझ्या विहिणीकडून. गरिबाच्या घरून. आणखी पाचशे घातले असते तर विकतच आला असता. आणि मी मूर्ख, तिच्यासाठी साक्ष द्यायला दोन मजले चढले. सरकारनं बरं केलं. आणखी घ्यायला हवे होते."

शेजारणी म्हणाल्या, लूट आहे, दुसरं काय. एकीनं मला ओळखलं आणि विचारलं, तू तिच्याकडे बसतेस ना ग, खूप कमावलं असेल तिनं.

रावया माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मला माहीत नाही, मी फक्त धागे कापते.

खोलीवर आल्यावर मी हे अब्लांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्यांनी माझा चेहरा पाहिला. त्या एका जॅकेटचं अस्तर उसवत होत्या.

"रावया बरोबर होती?"

"होती."

"काही बोलली?"

"नाही."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. अस्तर हातभर उसवून झालं तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तशाच बसून राहिल्या. गिऱ्हाईक आलं. मीच उठून त्याला उद्या यायला सांगितलं.